क्रिएटिनीन १.२ आले, मग किडनी चांगली की बिघडलेली? रक्ताचा रिपोर्ट असा वाचा

केम (ता. करमाळा) : सकाळी रक्त दिले, संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्टची पीडीएफ आली. क्रिएटिनीन १.२. शेजारी मर्यादा छापलेली, ०.६ ते १.३. लाल खूण नाही, ठळक अक्षर नाही. घरातले सगळे म्हणतात, "नॉर्मल आलाय, काही झालं नाही."

हा आकडा २५ वर्षांच्या धडधाकट पोराचा असेल तर सहसा घाबरायचे कारण नाही. पण तोच १.२ घरातल्या ७० वर्षांच्या आजीचा असेल, तर तिच्या किडनीचे काम साधारण निम्म्यावर आल्याचा अंदाज निघतो. आकडा तोच, लॅब तीच, अर्थ मात्र वेगळा. म्हणून किडनीचा रिपोर्ट वाचताना एकट्या क्रिएटिनीनवर थांबायचे नसते. माणसाचे वय, जुना रिपोर्ट आणि लघवीची तपासणी या तिन्ही गोष्टी सोबत ठेवल्या तरच खरे चित्र कळते.

किडनी दुखत नाही. काम बरेच कमी होईपर्यंत सूज येत नाही, लघवीही कमी होत नाही. त्रास जाणवायला लागतो तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्याआधी बिघाड दाखवतात त्या या स्वस्तातल्या तपासण्याच.

रक्तात नेमके काय मोजतात?

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. गाळण नीट चालले तर कचरा लघवीतून जातो. गाळण मंदावले की तोच कचरा रक्तात साठतो. किडनी फंक्शन टेस्ट म्हणजे या साठलेल्या कचऱ्याची मोजदाद. रिपोर्टवर तिचे नाव केएफटी किंवा आरएफटी असे येते. दोन्ही एकच.

क्रिएटिनीन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा कचरा. एका माणसात तो रोज साधारण सारखाच तयार होतो, म्हणून मोजायला सोयीचा. मात्र ज्याचे स्नायू जास्त त्याचे क्रिएटिनीन मुळातच थोडे जास्त असते. पैलवानाचे जास्त, वाळलेल्या म्हाताऱ्या माणसाचे कमी. घोटाळा होतो तो इथेच. अंगावर मांस नसलेल्या माणसाची किडनी बिघडली तरी आकडा फारसा वर जात नाही.

हे मोजण्याची जुनी पद्धत केमकरांना समजायला सोपी आहे. पिवळ्या हळदीला चुना लागला की लाल रंग उमटतो, हे कुंकवाच्या गावात कुणाला सांगायला नको. १८८६ मध्ये मॅक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाला असेच काहीसे दिसले. पिक्रिक ॲसिड हे पिवळे रसायन, त्यात क्षार घातला आणि क्रिएटिनीन मिसळले की रंग नारिंगी-लाल होतो. क्रिएटिनीन जितके जास्त तितका रंग गडद. आजही अनेक लॅबमधली यंत्रे हाच रंग मोजतात. काही लॅब एन्झाइमची नवी पद्धत वापरतात, ती जास्त नेमकी. दोन लॅबच्या आकड्यांत थोडा फरक पडतो तो यामुळेही. म्हणून शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासणी करावी.

ईजीएफआर : रिपोर्टमधली सगळ्यात कामाची ओळ

क्रिएटिनीन, वय आणि स्त्री की पुरुष, एवढे सूत्रात घातले की किडनी मिनिटाला किती मिलिलिटर गाळते याचा अंदाज निघतो. त्याला ईजीएफआर म्हणतात. तरुण निरोगी माणसात तो साधारण ९० च्या वर असतो, म्हणून ढोबळमानाने टक्क्यांसारखा वाचला तरी चालतो.

सध्या वापरात असलेल्या २०२१ च्या सूत्राने क्रिएटिनीन १.२ चा हिशेब असा येतो :

- २५ वर्षांचा पुरुष : ईजीएफआर सुमारे ८६
- ४५ वर्षांचा पुरुष : सुमारे ७६
- ७० वर्षांची स्त्री : सुमारे ४९

डॉक्टर ईजीएफआरचे टप्पे असे धरतात :

- ९० किंवा जास्त : गाळण चांगले
- ६० ते ८९ : किंचित कमी. लघवीतून प्रथिन जात नसेल आणि दुसरा काही दोष नसेल तर याला आजार म्हणत नाहीत
- ४५ ते ५९ : थोडे ते मध्यम कमी
- ३० ते ४४ : मध्यम ते बरेच कमी
- १५ ते २९ : खूप कमी, किडनीच्या डॉक्टरांची देखरेख हवी
- १५ पेक्षा कमी : किडनी निकामी होण्याचा टप्पा

एकदा आकडा ६० च्या खाली आला म्हणून लगेच कायमचा आजार ठरत नाही. हीच स्थिती तीन महिन्यांहून जास्त टिकली तरच त्याला दीर्घकाळचा किडनीचा आजार म्हणतात. म्हणून डॉक्टर पुन्हा रक्त द्यायला सांगतात. तो लॅबचा धंदा वाढवायचा प्रकार नसतो.

रिपोर्टवर ईजीएफआर छापलेला नसेल तर लॅबवाल्याला किंवा डॉक्टरांना काढून मागावा. त्यासाठी वेगळे रक्त लागत नाही, फक्त हिशेब लागतो. मात्र हे सूत्र १८ वर्षांखालील मुलांना आणि गरोदर बाईला लागू होत नाही. गरोदरपणात क्रिएटिनीन एरवीपेक्षा खाली उतरते, बहुधा ०.४ ते ०.८ च्या दरम्यान राहते. तेव्हा पोटुशी बाईचे क्रिएटिनीन १.० आले तर छापील मर्यादेत बसले तरी डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

जुना रिपोर्ट फेकू नका

समजा, एका शेतकऱ्याचे क्रिएटिनीन ४८ व्या वर्षी ०.८ होते. ५० व्या वर्षी १.२ आले. दोन्ही वेळा रिपोर्ट 'नॉर्मल'. पण ईजीएफआरचा हिशेब केला तर १०९ वरून ७४ वर घसरण. दोन वर्षांत गाळण्याची एक तृतीयांश ताकद गेली आणि कागदावर लाल खूण एकदाही उमटली नाही. नुसता नवा रिपोर्ट बघणाऱ्याला हे कळणार नाही. दोन्ही शेजारी ठेवले की लगेच दिसते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. ५० वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनीन १ वरून २ झाले तर ईजीएफआर सुमारे ९२ वरून ४० वर येतो. तेच ४ वरून ५ झाले तर सुमारे १७ वरून १३ वर. म्हणजे मोठी पडझड सुरुवातीलाच होते, जेव्हा आकडा लहान दिसतो. "दोनच तर आहे, पाच झाल्यावर बघू" असे म्हणणारा माणूस वाचवण्याजोगी किडनी हातची घालवतो.

युरिया आणि बीयूएन : इथे उगाच घाबरगुंडी उडते

एका लॅबने 'युरिया ३८' लिहिले, दुसरीने 'बीयूएन १८' लिहिले. घरचे म्हणतात, निम्म्याने उतरला, औषध लागू पडले! खरे तर दोन्ही जवळपास सारखेच. बीयूएन म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. त्याला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. साधारण मर्यादा युरियाची १५ ते ४० आणि बीयूएनची ७ ते २०. रिपोर्टवर यातले कोणते नाव आहे ते आधी बघावे.

युरिया एकटा वाढला तर दोष किडनीचाच असतो असे नाही. उन्हात दिवसभर काम करून पाणी कमी पडले, उलट्या-जुलाब झाले, पोटात रक्तस्राव झाला तरी तो वाढतो. क्रिएटिनीन ठीक आणि युरिया वाढलेला असेल तर डॉक्टर या गोष्टी आधी विचारतात.

पोटॅशियम : या ओळीकडे दुर्लक्ष नको

पोटॅशियमची मर्यादा साधारण ३.५ ते ५.० असते. किडनी मंदावली की ते रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके बिघडवते. ६ च्या वर गेले तर तो तातडीचा विषय, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. वाढलेल्या पोटॅशियमचे बाहेरून काही कळेलच असे नाही.

मात्र हा आकडा खोटाही वाढतो. दंडाला पट्टा जास्त वेळ आवळला, मूठ वारंवार उघडझाप केली किंवा गावात घेतलेला नमुना शहराच्या लॅबपर्यंत पोहोचायला फार वेळ लागला, तर पेशींमधले पोटॅशियम बाहेर येते. माणूस बरा दिसतो आणि आकडा भलताच आला तर डॉक्टर ईसीजी काढतात आणि पुन्हा ताजे रक्त घेतात. नमुना किती वाजता घेतला, हे रिपोर्टवर बघून ठेवावे.

पोटॅशियम वाढलेल्यांनी शहाळ्याचे पाणी आणि 'कमी सोडियम'चे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अशा मिठात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेले असते.

रिपोर्टवरच्या बाकीच्या ओळी थोडक्यात अशा. सोडियम १३५ ते १४५ च्या दरम्यान असावे. किडनीचा जुना आजार असेल तर फॉस्फरस वाढते, कॅल्शियम कमी होऊ शकते आणि हिमोग्लोबिन उतरते. युरिक ॲसिड याच पॅनेलमध्ये छापतात, पण त्यावरून किडनी किती काम करते हे ठरत नाही.

लघवीची तपासणी नसेल तर रिपोर्ट अर्धाच

साखरेने किंवा बीपीने किडनी खराब व्हायला लागते तेव्हा बहुतेकदा चाळणीची भोके आधी मोठी होतात. अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीतून गळायला लागते. त्या वेळी क्रिएटिनीन अगदी चांगले असू शकते. म्हणून शुगरच्या पेशंटने रक्तासोबत लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनीन रेशो, म्हणजे एसीआर, ही तपासणी करायची असते. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू, ३०० च्या वर म्हणजे गळती मोठी. लघवीला टिकून राहणारा फेस येत असेल तर ही तपासणी टाळू नये. ताप, लघवीचा संसर्ग किंवा बाईची पाळी असताना आकडा चुकू शकतो. त्या वेळी थांबून नंतर करावी.

मुतखड्याच्या बाबतीतही एक गैरसमज आहे. एका बाजूची नळी खड्याने अडली तरी दुसरी किडनी काम ओढून नेते आणि क्रिएटिनीन नॉर्मल राहू शकते. म्हणून "क्रिएटिनीन चांगलंय म्हणजे खडा नाही" असे होत नाही. त्यासाठी सोनोग्राफीच लागते.

आकडा कधी फसवतो?

- आदल्या रात्री मटणाचे जेवण झाले असेल तर क्रिएटिनीन तात्पुरते वाढते.
- ऊसतोड, हमाली किंवा जिममधला जोरदार व्यायाम केल्यानंतर लगेच रक्त दिले तरी वाढू शकते. स्नायू वाढवायची क्रिएटिन पावडर घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावे.
- काही औषधे किडनीला इजा न करता नुसता आकडा वाढवतात. को-ट्रायमॉक्साझोल हे जंतुसंसर्गावरचे औषध त्यातलेच.
- अंगाने फार वाळलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या किंवा पाय कापलेल्या माणसाचा ईजीएफआर खऱ्यापेक्षा चांगला दिसतो.

शंका राहिली तर डॉक्टर सिस्टॅटिन-सी ही तपासणी सांगतात. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. ती महाग आहे आणि बहुधा शहराच्या लॅबमध्येच होते, पण प्रत्येकाला तिची गरज नसते.

नुसत्या क्रिएटिनीनसाठी उपाशीपोटी जावे लागत नाही. सोबत उपाशीपोटीची साखर तपासायची असेल तर जावे लागते. पाणी नेहमीएवढे प्यावे. आकडा चांगला यावा म्हणून तांब्यावर तांब्या पाणी पिऊन जाण्यात काही अर्थ नाही.

साप चावला, जुलाब लागले : तेव्हा पहिल्या रिपोर्टवर विसंबू नका

क्रिएटिनीन हळूहळू साठते. किडनी आज अचानक बंद पडली तरी आजचा आकडा चांगला दिसू शकतो. तो चढायला एक-दोन दिवस लागतात. घोणस चावल्यावर किडनी बंद पडण्याचा धोका असतो. अशा वेळी पहिल्या दिवशीचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पेशंटला घरी आणणे घातक ठरू शकते. लघवी किती झाली, कोणत्या रंगाची झाली, यावर लक्ष ठेवून रक्त पुन्हा पुन्हा तपासावे लागते.

जोरदार उलट्या-जुलाब आणि उन्हाचा तडाखा यांतही हेच. अशा वेळी बीपीच्या आणि शुगरच्या काही गोळ्या थोडे दिवस थांबवाव्या लागतात. त्या कोणत्या, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

तपासणी कोणी करायची आणि कुठे?

शुगर असलेल्यांनी आणि बीपी असलेल्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनीन, ईजीएफआर आणि लघवीची तपासणी करावी. घरात कुणाला किडनीचा आजार असेल, वारंवार मुतखडा होत असेल, म्हातारपणी लघवी अडखळत होत असेल किंवा सांधेदुखीसाठी पेनकिलर नेहमी चालू असेल, तर त्यांनीही करावी. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशी गोळी नवी सुरू झाली की दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनीन आणि पोटॅशियम बघतात. सुरुवातीला क्रिएटिनीन थोडे वाढते. वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल तर डॉक्टर बहुधा गोळी चालूच ठेवतात. या गोळ्या पुढे किडनीला जपतात, म्हणून आकडा बघून आपल्याच मनाने बंद करू नयेत. मेटफॉर्मिनचा डोस मात्र ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की तपासावा लागतो आणि ३० च्या खाली ते बंद करतात.

सुरुवात गावातल्या सरकारी दवाखान्यातूनच करावी. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षांपुढच्यांची बीपी-शुगर मोफत बघतात. किडनीच्या तपासणीसाठी रक्त तिथेच घेतात का, की करमाळ्याला जावे लागेल, हे आशाताईंना किंवा दवाखान्यात विचारावे. पुढच्या उपचारांसाठी सोलापूरचे सिव्हिल हॉस्पिटल आहे. डायलिसिसची वेळ आलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते अंगीकृत रुग्णालयात मोफत होते. जाताना रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवावे आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे.

रिपोर्ट वाढलेला आला तर

मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलर बंद कराव्यात. क्रिएटिनीन 'उतरवून देतो' म्हणणाऱ्याची, आत काय आहे ते न लिहिलेली पुडी घेऊ नये. अशा काही औषधांत जड धातू असतात आणि ते उरलीसुरली किडनीही घालवतात. पाणी किती प्यायचे हे प्रत्येकाचे वेगळे असते. सूज असलेल्याला जास्त पाणी त्रासाचे ठरते. डाळ, दूध एकदम तोडून अंग वाळवू नये. आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

लघवी फारच कमी होणे, चेहऱ्यावर किंवा पायावर सूज, धाप, सतत उलट्या, गुंगी यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट बघू नये. तातडीने दवाखाना गाठावा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा.

एरवी एक साधी फाईल करावी. त्यात सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावावेत. मोबाईलमधली पीडीएफ हरवते, म्हणून प्रिंट काढून ठेवावी. डॉक्टरांकडे जाताना फाईल आणि चालू गोळ्यांची पाकिटे न्यावीत आणि तीन प्रश्न विचारावेत : माझा ईजीएफआर किती आहे? मागच्या वेळेपेक्षा तो किती बदलला? लघवीतून प्रथिन जाते का? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की रिपोर्ट खरेच नॉर्मल आहे की नाही, ते कळेल.